तुम्ही व्हा पुढे!



पावसाळा सरला की आपल्या वसईकरांचे पाय डोंगराकडे वळू लागतात. शनिवारी रात्री जेवणे आटोपली की पाठीला सॅक लावलेली मंडळी नाक्यावर जमते, बस येते आणि रविवारी पहाटे सारे कोठल्या तरी डोंगराच्या पायथ्याशी उतरतात. आपल्या परिसरातील गिर्यारोहण मंडळाच्या अशा एकदिवसीय ट्रेकला धर्मग्रामातील बरेच जण जातात. त्यांत तरुण आहेत, तसेच चाळिशी-पन्नाशीतील बंधुभगिनीही आहेत. मला ही गोष्ट मनापासून आवडते. मोबाईल बाजूला ठेवून माणसे डोंगर चढू लागली, ओळख नसलेल्यांशी डबा वाटून खाऊ लागली, तर त्यात आनंदच आहे. रविवारची मिस्सा चुकवून ट्रेकला जावे काय, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे आणि शनिवारी सायंकाळची मिस्सा किती वाजता असते, हेही ठाऊक आहे! आज मात्र मला एका वेगळ्याच प्रश्नाविषयी लिहायचे आहे.

काही दिवसांपूर्वी हे मंडळ कळसूबाईला गेले होते. कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. अकोले तालुक्यातील बारी गावातून वाट चढते. जिथे कडा उभा आहे तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. या ट्रेकला आपल्या धर्मग्रामातील पन्नाशी ओलांडलेली एक भगिनी गेली होती आणि तिशीतील एक तरुणही होता. परतल्यावर दोघेही आपापल्या कामासाठी मला भेटले आणि बोलता बोलता दोघांनी एकच प्रसंग सांगितला. दोघांच्या परवानगीने तो येथे देत आहे.

दुसऱ्या शिडीच्या वर त्या भगिनीचे गुडघे भरून आले. धापही लागली. तीस जणांचा गट दोन-तीनदा थांबला. चौथ्या वेळी मात्र कुणी घड्याळाकडे पाहिले, कुणी वर शिखराकडे पाहिले. तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी बसते इथेच.’’ लीडरने एकोणीस वर्षांच्या एका मुलाला तिच्यासोबत बसवले आणि बाकीचे अठ्ठावीस जण वर गेले. अडीच तासांनी ते परत आले. सगळे तिच्याशी नीट बोलले. कुणी तिच्यासाठी वरून प्रसादाचा नारळही आणला होता.

ती मला म्हणाली, ‘‘फादर, मला कोणी वाईट बोललं नाही. पण माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो. त्या पोराचंही शिखर माझ्यापायी गेलं. आता मी काही जाणार नाही.’’ तरुण म्हणाला, ‘‘फादर, आम्ही काही त्यांना टाकून गेलो नाही. त्याच म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे. मीही पैसे भरले होते, रात्रभर बसमध्ये जागलो होतो. शिखरावर जाण्याचा मला हक्क नाही का?’’

दोघेही खरे बोलत होते. दोघेही चांगली माणसे आहेत. तरीही त्या डोंगरावर काहीतरी चुकले असे दोघांनाही वाटत होते, नाहीतर ते माझ्याजवळ बोलले नसते. मग नेमके काय चुकले? एकत्र चालणाऱ्या माणसांचे एकमेकांना काही देणे लागते काय? मागे राहिलेल्यासाठी थांबणे हा उपकार आहे की ते ऋण आहे?

आपण एस.टी.ने प्रवास करतो तेव्हा शेजारचा प्रवासी मध्येच उतरला तर आपल्याला त्याचे काही वाटत नाही. तो आपल्याला विचारून उतरत नाही आणि त्याने विचारावे अशी आपली अपेक्षाही नसते. आपण दोघे एका गाडीत असतो, पण एकत्र नसतो. ट्रेकचे तसे नाही. पायथ्याशी सर्वजण गोल करून उभे राहतात, आपापले नाव सांगतात, लीडर शिरगणती करतो, वाटेत काय करावे, काय करू नये हे समजावतो. त्या पाच-दहा मिनिटांत तीस प्रवाशांचा एक गट होतो. कागदावर सही होत नाही, शपथ घेतली जात नाही, पण एक वचन दिले-घेतले जाते.

मार्गारेट गिल्बर्ट या तत्त्वज्ञ विदुषीने १९९० मध्ये नेमक्या याच विषयावर, म्हणजे एकत्र चालण्यावर, एक निबंध लिहिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे : दोन माणसे शेजारी शेजारी चालत असली म्हणजे ती एकत्र चालत आहेत असे नव्हे. जेव्हा ती एकत्र चालतात, तेव्हा त्यांपैकी एक जण झपझप पुढे निघून गेला तर मागच्याला त्याला हटकण्याचा अधिकार असतो. आणि कोणाला मध्येच वेगळे व्हायचे असेल, तर त्याने दुसऱ्याची संमती घ्यायला हवी. हा अधिकार कुठल्या कायद्यातून येत नाही, तो एकत्र निघण्यातूनच जन्माला येतो.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या पुस्तकात तो एका जहाजातून जाणाऱ्यांचे आणि एका तुकडीत लढणाऱ्यांचे उदाहरण देतो. ती माणसे एकमेकांना मित्र म्हणतात आणि जितकी त्यांची सोबत, तितकी त्यांच्यात मैत्री आणि तितकाच न्याय, असे तो सांगतो. म्हणजे सोबत एका दिवसाची असली, तर न्यायही एका दिवसाचा असतो, पण असतो हे नक्की!

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास यांचा न्यायावरील विचार शिकलो. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. प्रीती त्याही पलीकडे जाते, ती आपल्याजवळचे देते. हा भेद पुस्तकी वाटेल, पण त्या भगिनीच्या दुःखाचे मूळ याच भेदात आहे. महिनाअखेरीस पगार घेताना आपण मालकापुढे ओशाळत नाही, कारण ते आपले असते. उसने मागताना मात्र मान खाली जाते. गट आपल्यासाठी थांबतो आहे हा त्यांचा उपकार, असे तिने मानले. चौथ्यांदा उपकार घेताना तिची मान खाली गेली आणि तिने स्वतःच स्वतःला गटातून काढून टाकले. ते थांबणे तिचे हक्काचे होते, हे तिला कोणी सांगितले असते तर?

आता कोणी म्हणेल, ‘‘फादर, हे सर्व ठीक. पण व्यवहाराचे काय?’’ व्यवहारही पाहू या. एलियाहू गोल्डरॅट यांची ‘द गोल’ नावाची कादंबरी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आहे कारखान्याच्या व्यवस्थापनावर, पण तिच्यात स्काऊट मुलांच्या एका पदभ्रमणाचा प्रसंग आहे. हर्बी नावाचा जाडजूड मुलगा मागे पडतो आणि रांग लांबत जाते. मग मुलांबरोबर असलेल्या कथानायकाच्या लक्षात येते की, पुढचे कितीही वेगाने गेले तरी पूर्ण गट मुक्कामी पोहोचतो तो हर्बीच्याच वेगाने. तो हर्बीला सर्वांच्या पुढे आणतो. त्याची सॅक उघडली तर ती नाना वस्तूंनी ठासून भरलेली! ते ओझे वाटून घेतल्यावर सारा गट झपाट्याने चालू लागतो.

हा धडा प्रत्येक लीडरने गिरवावा असाच आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवले की रांग तुटत नाही आणि त्याला आपण मागे पडलो असे वाटतही नाही. पण येथे एक मेख आहे. कारखान्याच्या हिशोबात हर्बीला मदत करायची ती वेग वाढावा म्हणून. ओझे वाटून घेऊनही वेग वाढला नाही तर? तो हिशोब मग म्हणेल, हर्बीलाच वगळा. सोबतीचा न्याय असे म्हणू शकत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने बजावले आहे की, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. ओझे वाटून घेण्याची कृती दोन्हीकडे सारखीच दिसते. तिच्यामागे हिशोब होता की न्याय, हे कळते ते हिशोब जुळेनासा होतो तेव्हा.

पण मग त्या दिवशी सर्वांनीच परत फिरायला हवे होते काय? मला तसे वाटत नाही. गटाचे जसे तिच्याप्रति देणे होते, तसे तिचेही गटाप्रति होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला : दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आजही अनेक जण वेळेचा अंदाज त्याच रीतीने बांधतात. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा आहे. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला दमा आहे, जो वर्षभर कधी चढ चढलेला नाही, त्याने ते आधी सांगायला हवे. नाव नोंदवताना ‘मला काही होत नाही’ असे म्हणायचे आणि अर्ध्या वाटेवर एकोणतीस जणांना पेचात टाकायचे, हाही सोबतीचा भंगच. आधी तुंगारेश्वरच्या चढावर दोन-चार वेळा पाय तपासून पाहणे, सॅक हलकी ठेवणे, त्रास सुरू होताच बोलणे, हे हळू चालणाऱ्याचे ऋण आहे. आपल्या दुखण्याच्या जोरावर दुसऱ्यांना अडवून धरण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तेव्हा तरुणाचा हक्क खोटा नव्हता. पण पैसे भरले म्हणून तो हक्क मिळाला, हे त्याचे म्हणणे मात्र मला पटले नाही. पैसे भरले ते बसचे आणि जेवणाचे. सोबत विकत घेता येत नाही आणि तिच्यापासूनची सुटकाही विकत घेता येत नाही.

आता आपण मूळ वाक्याकडे येऊ. ‘तुम्ही व्हा पुढे.’ गिल्बर्टबाई म्हणतात त्याप्रमाणे वेगळे होण्यास संमती हवी. तरुणाचे म्हणणे असे की ती संमती मिळालीच होती. खरोखर मिळाली होती काय?

पवित्र शास्त्रात हे वाक्य फार जुन्या काळी एकाने उच्चारलेले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील ३३वा अध्याय काढून वाचा. याकोब आणि एसाव हे भाऊ कित्येक वर्षांनी भेटतात. एसावासोबत चारशे माणसे आहेत. तो म्हणतो, चला, बरोबरच जाऊ. याकोब त्याला सांगतो की, माझी मुले लहान आहेत, गुरामेंढरांना पाजती पिले आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तर कळप मरून जाईल. तेव्हा आपण व्हावे पुढे, मी मुलांच्या आणि जनावरांच्या पावलांनी सावकाश येतो. चालण्याचा वेग सर्वांत अशक्त जिवाने ठरवावा, हे यापेक्षा स्पष्टपणे कुठे सांगितले असेल असे मला वाटत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. एसाव म्हणतो, निदान माझी काही माणसे तुझ्याबरोबर ठेवतो. याकोब तेही नको म्हणतो. तो सेईरला येतो असे सांगतो आणि जातो सुक्कोथला! त्याचे ‘तुम्ही व्हा पुढे’ वरवर साधे होते, पण आत दुसरेच काही होते. त्या भेटीआधी याकोबाने भावाची किती धास्ती घेतली होती, हे वाचले की ते ‘दुसरे काही’ काय असावे याचा अंदाज येतो. एसावाने शब्द ऐकले आणि तो निघून गेला.

मागे पडलेल्याचे ‘तुम्ही व्हा पुढे’ असेच असते. कधी त्याचा अर्थ खरोखर तोच असतो : मला इथे बरे वाटते, सावली आहे, तुम्ही जाऊन या. पुष्कळदा मात्र त्याचा अर्थ असतो : मला लाज वाटते आहे, तुमच्या नजरा मला कळताहेत, तुम्ही नाही म्हणा. शब्द तेच, अर्थ मात्र उलटे. मग ऐकणाऱ्याने ओळखावे कसे? ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे, त्याच्याच ‘हो’ला संमती म्हणता येते. तीस माणसे उभी आहेत, घड्याळे पाहत आहेत आणि धाप लागलेला एक जण खाली बसला आहे. अशा वेळी त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कुठे असते? त्या क्षणी मिळालेली संमती ही सोयीची संमती होय. ती घेणाऱ्याच्या सोयीची असते.

माझ्या मते त्या दिवशी चुकले ते इतकेच. पुढे जाणे चुकले नाही. विचारण्याआधीच सर्वांनी मनातून पुढे जाणे, हे चुकले. एका गटाचे दोन गट झाले आणि तो निर्णय ज्याने घ्यायचा तो गट बसलाच नाही. पाच मिनिटे सर्व जण खाली बसले असते, पाणी प्यायले असते, तिची सॅक दुसऱ्याने घेतली असती, तिला पुढे ठेवून आणखी अर्धा तास चालून पाहू असे कोणी म्हटले असते, तर कदाचित ती शिखरावर गेली असती. कदाचित नसतीही गेली. पण मग तिचे ‘तुम्ही व्हा पुढे’ हे खरोखर तिचे झाले असते. ती पुढच्या ट्रेकलाही गेली असती.

आणि जो आपल्या गटातला नाही, त्याचे आपण काहीच लागत नाही काय? मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक मरणासन्न अवस्थेत बसून होता. सुमारे चाळीस जण त्याच्या जवळून गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. काहींना तो दिसला नाही, काहींना तो आधीच गेलेला वाटला, काहींनी मदतीचा प्रयत्न केला, पण तो वाचला नाही. १९५३ मध्ये तेनसिंग यांच्यासह एव्हरेस्टवर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या सर एडमंड हिलरी यांनी त्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. त्याच महिन्याच्या अखेरीस, मृत समजून वरच सोडलेला लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक दुसऱ्या दिवशी सकाळी डॅन मेझर यांच्या तुकडीला जिवंत आढळला. तो त्यांच्या तुकडीतला नव्हता. हवामान चांगले होते, शिखर आवाक्यात होते. तरीही ते त्याच्यापाशी थांबले, त्यांनी आपले शिखर सोडले आणि हॉल वाचला. परक्यासाठी एवढे देणे ही प्रीती, आणि शेजारी कोण याचा दाखला आपण सारे जाणतोच. पण परक्यासाठी जर माणसे शिखर सोडू शकतात, तर ज्यांच्याबरोबर गोल करून उभे राहिलो, त्यांना पाच मिनिटे देणे ही तर अगदी सुरुवात झाली.

हे वाक्य केवळ डोंगरावरच ऐकू येते असे नाही. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी दारात उभी असते आणि आजी म्हणते, ‘‘तुम्ही जा गो, मी घरीच बरी.’’ सणाच्या मिस्साला निघताना आजोबा म्हणतात, ‘‘तुम्ही व्हा पुढे.’’ आपण ऐकतो, दोनदा आग्रह करतो आणि गाडीत बसतो. कधी ते त्यांच्या मनातलेच असते. कधी गाडीत त्यांच्यासाठी जागा राखलेली नाही, हे त्यांनी आधीच पाहिलेले असते.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझ्या काही सूचना आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या प्रकृतीविषयी खरे सांगावे आणि ते ऐकून कोणी हसू नये. किती वाजता, जिथे असू तिथून, परत फिरायचे हे पायथ्याशीच ठरवावे. एखाद्याला थांबावे लागले तर त्याच्याबरोबर कोण थांबेल, हेही तिथेच ठरवावे. सर्वांत लहान मुलाच्या गळ्यात ते आयत्या वेळी घालू नये. पहिला अर्धा तास सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. सर्वांत मागे एक जाणता माणूस असावा आणि प्रत्येक थांब्यावर शिरगणती व्हावी. येरुशलेमहून परतताना मारिया आणि योसेफ यांनीही बाळ येशू सोबतच्या कोणाबरोबर तरी असेल असे समजून एक दिवसाची वाट चालून टाकली होती! ज्यांना कळसूबाई झेपत नाही त्यांच्यासाठी वर्षातून दोन-तीन सोपे ट्रेक ठेवावेत आणि वेगाने चालणाऱ्यांनी त्यांनाही यावे.

आणि कोणी ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणाले, तर लगेच उठू नका. त्याच्याशेजारी बसा. पाणी द्या. धाप शमू द्या. मग पुन्हा एकदा विचारा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू